यंत्राची माया

एखाद्या कवीला गावच्या पाणवठ्याची, घरामागच्या प्राजक्ताची किंवा आजीच्या जात्याची आठवण आली, तर ऐकणारे माना डोलावतात. मला आठवण येते ती एका लोडरची. रंग उडालेले, छातीला लागतील अशा चार चाकांचे आणि पुढे भली मोठी लोखंडी बकेट धरून उभे असलेले हे धूड मी १९७४ ते १९९३ अशी एकोणीस वर्षे गोव्याच्या खाणींवर चालवले. चारचौघांत त्याच्याबद्दल बोलू लागलो की मला दोन प्रकारची माणसे भेटतात. काही हसतात. काही गंभीर होऊन विचारतात, 'ज्या यंत्राने डोंगर खाल्ले, त्याच्यावर माया कसली करता?' हसणाऱ्यांचे मला काही वाटत नाही. दुसऱ्यांचा प्रश्न मात्र माझी पाठ सोडीत नाही. आणि फराळाचे ताट बाजूला सारून वाचकांना घटकाभर वेळ असेल, तर तो त्यांच्यापुढे मांडावा असे वाटते.

ज्यांनी लोडर जवळून पाहिला नाही, त्यांच्यासाठी आधी चार शब्द सांगतो. बुलडोझर ढकलतो, पोकलेन उकरतो, आणि लोडर उचलून भरतो. अमेरिकेतल्या फ्रँक हफ याच्या कारखान्याने १९३९ साली या जातीचे यंत्र काढले आणि १९४७ साली त्याच्या चारही चाकांना जोर दिला. १९५४ साली स्वीडनमधल्या एस्किलस्टुना गावी तर चक्क ट्रॅक्टरच उलटा फिरवला. मोठी चाके पुढे आली, आसन उलटे बसले, आणि बकेटीचे ओझे थेट त्या मोठ्या चाकांवर पडू लागले. किती साधी युक्ती! पोकलेनची गोष्ट याहून मौजेची. पोकलेन हे त्या यंत्राचे नावच नव्हे. ते एका फ्रेंच कंपनीचे नाव. त्या नावाची उत्खननयंत्रे आता निघत नाहीत. पण आपल्याकडे कोणत्याही रंगाचे, कोणत्याही देशाचे तसले यंत्र दिसले की पोरगेही म्हणते, 'पोकलेन इलो!' माणसे विसरतात, पण भाषा अशी कुठेकुठे जुन्याला धरून बसते.

लोडर चालवणे वरून पाहणाऱ्याला सोपे वाटते. पुढे जायचे, भरायचे, मागे यायचे, ओतायचे. परंतु नवशिक्या माणूस खनिजाच्या ढिगावर धावून जातो, चाके जागच्या जागी फिरतात, टायर फाटतो आणि बकेट अर्धीच भरते. जाणता माणूस बकेटीचे ओठ जमिनीला समांतर ठेवून सावकाश आत शिरतो, आणि ढीग अडवू लागला की बकेट केवळ चार बोटे उचलतो. त्या चार बोटांनी ढिगाचे वजन पुढच्या चाकांवर येते, चाके जमीन धरतात, आणि मग थोडे उचलणे, थोडे वळवणे, पुन्हा थोडे उचलणे, असे करत बकेट भरून येते. डाव्या ब्रेकवर पाय पडला की चाकांचा जोर सुटतो आणि इंजिनाची सारी ताकद हायड्रॉलिक पंपाकडे जाते. हे सारे करायला दोन हात नि दोन पाय असतात. पण खरे काम बैठक करते. जुन्या यंत्रात लिव्हरचा दांडा थेट तेलाच्या झडपेला जोडलेला असे. तिची थरथर तळहाताला लागे. खडक आडवा आला की तो डोळ्यांना दिसण्याआधी कमरेला कळे. ट्रकमध्ये लोहखनिज ओतताना तर फार जपावे लागे. मातीची सवय असलेल्या हाताला त्याचे वजन फसवते; एकदम ओतले तर ट्रकचे पाटे बसतात आणि ड्रायव्हर आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मी ओततो तेव्हा ट्रक हलत नाही, अशी माझी ख्याती होती. ती ऐकताना मला जे वाटे, ते पुढे दुसऱ्या कोणत्याही स्तुतीने वाटले नाही.

माझा भाचाही आज यंत्रावरच आहे. त्याच्या काचबंद केबिनमध्ये थंड हवा असते, मनगटाएवढ्या दांडीने सारे चालते, आणि बकेटीत किती टन भरले ते आकड्यांत समोर दिसते. लाल धूळ त्याच्या नाकात जात नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जुन्या यंत्रांचे गोडवे गाताना लोक ही धूळ विसरतात. त्या मुलाने एकदा मला विचारले, "मामा, तुमका आठवण कसली येता, लोडराची की तरणेपणाची?"

प्रश्न मार्मिक आहे. १६८८ साली बाझेल येथे योहान्नेस होफर नावाच्या तरुणाने वैद्यकाच्या प्रबंधात घरापासून दूर पडलेल्यांच्या या व्यथेला दोन ग्रीक शब्द जोडून नाव दिले. त्यातला एक शब्द घरी परतण्याचा आणि दुसरा वेदनेचा. त्याच्या लेखी तो रोग होता. आपण मराठीत त्याला 'स्मरणरंजन' म्हणून मोकळे झालो. वेदना गेली, रंजन उरले! भाच्याला वाटले, मामाचे हे रंजनच आहे. पण तरणेपणी मी इतरही पुष्कळ गोष्टी केल्या; सायकल चालवली, दशावतारात दोन रात्री संकासुर झालो. त्यांच्या आठवणीने हात शिवशिवत नाहीत. लोडरच्या आठवणीने शिवशिवतात. तेव्हा तरुणपणावर सगळे ढकलून भागत नाही.

मग ओढ कशाची? पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत असे की ओढ कसबाची आहे. सुताराला रंध्याची, तबलजीला तबल्याची, तशी मला लिव्हरची. आणि कसब निष्पाप असते. हे उत्तर फार सोयीचे आहे. डोंगराचे काय झाले ते मालकाला विचारा, सरकारला विचारा. मी फक्त चार बोटे बकेट उचलली.

हे उत्तर खरे की खोटे याची परीक्षा जगाने आपण होऊन करून ठेवली आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात बोलिंग ग्रीन येथे जुन्या बांधकामयंत्रांच्या प्रेमिकांची एक संस्था आहे. ही मंडळी गंजलेली यंत्रे शोधून आणतात, दुरुस्त करतात, आणि मेळाव्यात मोकळ्या जमिनीवर ती चालवून दाखवतात. लास व्हेगास शहरात तर पैसे भरून कोणालाही तासदोन तास बुलडोझर चालवायला मिळतो. खणायचे, ढीग करायचा, घरी जायचे. उद्याच्या गिऱ्हाइकासाठी तीच माती पुन्हा सारखी करतात. मला जर नुसत्या कसबाचीच ओढ असेल, तर माझे समाधान तिथे व्हायला हवे. डोंगर नाही, खाण नाही, कोणाचे वाईट नाही. फक्त लिव्हर, माती आणि मी. दिवाळीत पोरे मातीचा किल्ला करतात आणि दिवाळी सरली की मोडतात, तसे.

मी मनाशी तसे करून पाहिले. पहिल्या दिवशी मला अतोनात आनंद झाला. दुसऱ्या दिवशी कंटाळा आला. कारण माझ्या मनातल्या त्या मैदानावर ट्रक येऊन थांबत नव्हता. खाणीवर माझ्यामागे ट्रकांची रांग असे. रांगेपुढे नदीकाठचा धक्का, धक्क्याला बार्ज. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध धोक्याचा होई, म्हणून बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरत. आणि शेवटी मुरगावला जहाज. माझी एक बकेट चुकली की ती सारी साखळी क्षणभर अडे. माझ्या चार बोटांना जी किंमत होती, ती त्या जहाजामुळे होती. कसबाचा आनंद कसबातच असतो असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे. आपल्या हाताने जगात काहीतरी खरोखर घडते आहे, या जाणिवेवाचून तो आनंद दुसऱ्या दिवशीच शिळा होतो.

आणि इथेच माझी पंचाईत होते. 'खरोखर घडते आहे' यातले काय माझे आणि काय माझे नाही, हे कोणी निवडायचे? जहाज भरले ते माझे असेल, तर डोंगर उतरला तोही माझाच. गोव्याच्या खाणींत एक टन खनिजामागे अडीच-तीन टन निरुपयोगी माती काढावी लागे. तिचे डोंगराएवढे ढीग रचले जात आणि मिरगाच्या पावसात ती खाली भातशेतीत उतरे. खाण खोल जाऊन भूजलाच्या खाली गेली की खड्ड्यात पाणी येई. ते रात्रंदिवस उपसावे लागे, आणि भोवतालच्या विहिरी आटत. माझी धाकटी बहीण डिचोली तालुक्यातल्या अशाच एका गावात दिलेली. तिच्या परसातली विहीर आटली तेव्हा ती मला काही बोलली नाही. ती ज्या खाणीमुळे आटली ती खाण दुसरी होती, हेही तिला ठाऊक होते. पुष्कळ वर्षांनी मी तिच्या ओसरीवर बसून जुन्या यंत्राच्या गोष्टी सांगत होतो. ती भात निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, तुका लोडराची आठवण येता, माका बावीची."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिच्याच मुलाच्या शाळेची फी लोडरच्या पगारातून गेली होती. पण तेव्हापासून मी आठवणींच्या न्यायाचा विचार करू लागलो. तिची आठवण शुद्ध आणि माझी दूषित, असे म्हणावे का? मी तसे म्हणणार नाही. यंत्रे येण्यापूर्वी याच खाणींवर बायाबापड्या खनिजाच्या पाट्या डोक्यावर वाहत. ती पाटी लोडरने उतरवली. त्या खनिजाचे पोलाद जपानात आणि पुढे चीनमध्ये झाले. त्याची भांडी, पूल, आगगाड्या झाल्या असतील. ज्यांनी पोलाद वापरले नाही त्यांनी मला बोल लावावा, असे म्हणण्याचा मोहही होतो. परंतु या साऱ्याने बहिणीच्या विहिरीला पाणी येत नाही.

काही मित्र माझी दुसऱ्या तऱ्हेने सुटका करू पाहतात. खरी लूट माझ्यानंतर झाली, असे ते म्हणतात. ते एका अर्थी बरोबर आहे. चीनची मागणी वाढली तेव्हा जो माल आम्ही हलका म्हणून बाजूला टाकला होता तोही सोन्यासारखा विकला गेला. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून ४ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. २०२२ पासून लिलाव सुरू झाले. हा इतिहास मी नीट वाचला आहे. पण खड्डा काही एकदम खोल होत नाही. जो तळाशी पोचतो तो आधी कोणीतरी वरून काढलेल्या थरांवरून उतरलेला असतो.

खंडेनवमीला आम्ही लोडरची पूजा करत असू. बकेटीला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, रेडिएटरवर हळदकुंकू. फिटरपासून मुकादमापर्यंत सारे हात जोडत. आपल्या परंपरेत सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकण्यापूर्वी पृथ्वीची क्षमा मागण्याचाही श्लोक आहे. माझे वडील तो रोज म्हणत. मला नवल वाटते ते याचे, की पायाच्या स्पर्शासाठी क्षमा मागणाऱ्या आम्हा लोकांनी बकेटीची पूजा केली, पण बकेट जिथे टेकते त्या जमिनीला त्या दिवशी एक फूलही वाहिले नाही. माळ नेहमी यंत्रालाच.

त्याच ओहायोत 'बिग मस्की' नावाची एक प्रचंड ड्रॅगलाइन १९६९ ते १९९१ पर्यंत कोळशावरची माती काढत होती. तिच्या एका बकेटीत २२० घनयार्ड, म्हणजे सुमारे १६८ घनमीटर माती मावे. माझा लोडर तिच्यात खेळण्यासारखा बसला असता. १९९९ साली तिला मोडीत काढले. बकेट तेवढी ठेवली, आणि ती आज खाणकामगारांचे स्मारक म्हणून एका उद्यानात उभी आहे. तिचे छायाचित्र मी पुष्कळदा पाहतो. पोकळ, तोंड वासलेली, आत माणसे उभी. स्मारक कामगारांचे आहे हे मला आवडते. पण त्या बकेटीतून जे गेले त्याला तिथे जागा कुठली, हा प्रश्नही तिच्याच पोकळीत दिसतो. आणि ती पोकळ ठेवली आहे, भरून टाकलेली नाही, याचे मला बरे वाटते.

उलट टोकाला ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात लोहखनिजाचे ट्रक आता ड्रायव्हरवाचून धावतात. त्यांच्यावर देखरेख ठेवणारी माणसे सुमारे दीड हजार किलोमीटर दूर, पर्थ शहरात खुर्चीवर बसलेली असतात. त्यांच्या कमरेला खडक लागत नाही. ती माणसे निवृत्त झाल्यावर त्यांचे हात शिवशिवतील का, मला सांगता येत नाही. भाचा म्हणतो, इथेही तसे होईल, आणि मग मामासारखी माया करायला कोणी उरणार नाही. त्याला ही गंमत वाटते. मला मात्र धास्ती वाटते. मी एकोणीस वर्षे डोंगराला हात लावून होतो, म्हणून निदान बहिणीचे वाक्य मला लागले. पर्थच्या खुर्चीत बसलेल्याला त्याच्या बहिणीने असे काही म्हटले, तर तो आकड्यांच्या पडद्याकडे पाहील.

घरी माझ्याकडे लोडरच्या बकेटीचा एक झिजलेला दात आहे. नवा असताना वीतभराहून लांब होता. आता मुठीत मावतो. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याच्याशी लावतो. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत सून विचारते, "बाबा, हा भंगारात देऊ का?" यंदा तो तिने उंबऱ्याजवळ काढून ठेवला होता. मी उचलला, तर हाताला लाल लागले. तो गंज होता की खाणीतली धूळ, ते मला ओळखता येईना. पुसून पुन्हा दाराशी ठेवला. पाडव्याला बहीण जेवायला येणार आहे. ती दरवर्षी आत येताना तो पायाने जरासा बाजूला सारते.