थाळीचा सूर आणि दवाखाना


भाऊ-ताई, कडोदऱ्यात आपली बरीच घरं खानदेशातली, भगत कुणाला नवा नाही. आजाऱ्याजवळ बसून तो मंत्र म्हणतो. डांगात तर काशाच्या थाळीला मेणाने काडी चिकटवतात, ती बोटांनी ओढली की थाळी घुमते, त्यावर कथा गातात. हे सगळं खोटं का? मला नाही वाटत. संथ लयीत घाबरलेल्याचा श्वास सावकाश होतो, घरदार उशाशी बसतं. पण सापाचं विष सुराने उतरत नाही, त्याला इंजेक्शनच. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, कुत्रा, विंचू चावल्यावर उपचार अडवून मंत्र करणं गुन्हा आहे. गुन्हा अडवण्याचा, बरं का. आपल्या नामजपालाही हेच लागू. आधी 108 ला फोन, मग गाडीत, दवाखान्याच्या बाकावर, आजाऱ्याचा हात धरून जप खुशाल चालू द्या.