त्यालाच विचारा
(योहान 9:21)

जन्मांधाच्या आईबापांनी सभास्थानातून घालवले जाण्याच्या भयाने उत्तर टाळले; पण मुलगा वयात आला आहे, त्यालाच विचारा, हे त्यांचे बोलणे खरेच होते. मंडळीतील अपंग तरुण वेगळी खोली घेऊन राहीन म्हणतो, तेव्हा आपण मात्र त्याच्या आईला विचारतो! अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर नाही, असे 2016 च्या कायद्याचे पाचवे कलम सांगते. आईची काळजीही खोटी नाही. रात्री पडला तर? म्हणून पंचांनी घरमालकाशी बोलावे, पायरीवर उतार बांधून द्यावा, न्हाणीत धरायला दांडा बसवावा. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, चूल पेटवणे, पैशांचा हिशेब लहानपणीच शिकवा. आणि दुसरी किल्ली कोणाकडे ठेवायची, तेही त्यालाच विचारा.