ऋणाइताचें देशाटन

बागलाण तालुक्यांत, विशेषतः सटाण्याच्या आसपास, मार्चचा महिना विश्रांतीचा नसतो. उन्हाळ कांदा काढणीस आलेला असतो, मजूर मिळविण्याची धांदल चाललेली असते, आणि चाळींत किती भरावा व बाजारांत किती न्यावा याचा हिशेब घरोघरीं बसतो. याच सुमारास जर्मनीच्या विद्यापीठांना दोन सत्रांमधली सुटी असते. तेथें शिकावयास गेलेला मुलगा रात्रीच्या बसनें प्रागला जातो, तेथून व्हिएन्नास, आणि चार दिवसांत परत खोलीवर येतो. त्याचीं छायाचित्रें घरीं मोबाइलवर येतात. आई तीं शेजारणीस कौतुकानें दाखविते. बाप पाहतो आणि कांहीं बोलत नाहीं. त्याच्या या न बोलण्यांत जो प्रश्न आहे तो आमच्या घरांतून सहसा मोकळेपणानें विचारला जात नाहीं: दुसऱ्याच्या घामावर, किंबहुना दुसऱ्यानें काढलेल्या कर्जावर, शिकणाऱ्यानें हौसेचा प्रवास करावा काय?

तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाहीं हें खरें. परंतु विद्यार्थ्यास वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधींच बँकेंत अडकवून दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो झाली. एवढी रक्कम शेतकऱ्याच्या कपाटांत पडून नसते. तिच्यासाठीं जमीन तारण पडते, नाहींतर डाळिंबाच्या दोन हंगामांची आशा आगाऊ खर्चीं पडते. आणि त्या बागेवर तेल्या आला म्हणजे काय होतें हें बागलाणांत कोणास सांगावयास नको.

यावर कडक उत्तर तयारच आहे: पैसा ज्या कामासाठीं दिला त्याच कामीं लागला पाहिजे, बाकी सर्व विश्वासघात. हें उत्तर मला पटत नाहीं, आणि सटाण्यांत तर तें कोणीच देऊं नये. आरम नदीच्या कांठीं ज्यांचें मंदिर आहे ते देव मामलेदार यशवंतराव महाराज कोण होते? १८७०-७१ च्या दुष्काळांत त्यांनीं सरकारी तिजोरी उपाशी लोकांसाठीं रिकामी केली. तपासणींत ती भरलेली सांपडली, ही आख्यायिका. पण ती खोटी मानली तरी गांवानें ज्याला देव केलें तो नियमाचें अक्षर मोडणारा अधिकारी होता, हें उरतेंच. म्हणून कोणी सहलीस निघालेल्या पोरानें त्यांचें नांव घेऊं नये. त्यांनीं दिलें तें दुसऱ्यास दिलें, आणि उघडपणें, आपली नोकरी पणास लावून दिलें. परंतु या दोन कसोट्या, कोणासाठीं आणि उघडपणें कीं लपून, आपल्या प्रश्नासही लागू पडतात.

उदार पक्षाचें म्हणणें असें कीं प्रवास हेंच शिक्षण. त्या पक्षास एक मोठें उदाहरण मिळतें. १८८६ सालीं पंडिता रमाबाई इंग्लंडांत चेल्टनहॅम येथें शिकत व शिकवीत होत्या. फिलाडेल्फियास त्यांच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी यांस ११ मार्च रोजीं वैद्यकाची पदवी मिळावयाची होती. त्या समारंभासाठीं रमाबाई लहान मुलीसह अमेरिकेस गेल्या. जाणें थोडक्या मुदतीचें होतें. त्याचीं जवळजवळ तीन वर्षें झालीं. अनेक शहरांतून व्याख्यानें झालीं, मदत जमली, आणि १८८९ च्या मार्चांत मुंबईस शारदासदन उघडलें. त्याच वर्षीं अमेरिकेच्या लोकस्थितीवर त्यांचें मराठी पुस्तकही निघालें. पण या दाखल्यापासून सावध राहिलेलें बरें. जिचें फळ असें निघालें ती सहल सार्थ, हें मागाहून म्हणतां येतें. निघतेवेळीं तिकीट काढणाऱ्यास काय ठाऊक असतें? आणि शंभरांतील नव्याण्णवांच्या हातून कोणतेंही सदन उघडणार नाहीं. त्यांनीं मग घरीं बसावें?

माझ्या मतें खरी अडचण निराळीच आहे. मुलानें विचारलें तर बाप नाहीं म्हणणार नाहीं. "जा बाळा, बघून ये," असेंच म्हणेल, आणि त्या रात्रीं सोसायटीच्या हप्त्याचा विचार एकटाच करील. जो नकार देऊंच शकत नाहीं त्याची परवानगी ही परवानगी नव्हे; तेव्हां निर्णयाचें ओझें घेणाऱ्यानेंच उचलावें लागतें. बरींच मुलें हें ओझें टाळण्यासाठीं विचारीतच नाहींत. अभ्यासिकेंत होतों म्हणून सांगतात. मला सहलीपेक्षां हें खोटें अधिक बोंचतें. अर्थात् त्यांत घरच्यांचाही वांटा आहे. जेथें गुण आणि नोकरी या दोहोंपलीकडे कधीं विचारपूसच होत नाहीं, तेथें मुलगा तिसरी गोष्ट कोणत्या तोंडानें सांगणार?

सुटींत काम करून चार पैसे मिळविले असतील तर? तेथील कायद्यानें परदेशी विद्यार्थ्यास वर्षाकाठीं १४० पूर्ण दिवस काम करतां येतें. काटेकोर बोलावयाचें तर हप्ता फिटेपर्यंत ती मजुरीही त्याची नव्हे. पण इतका काटेकोरपणा मी माझ्या मुलावर लादणार नाहीं. कर्ज पन्नाशींतही फेडतां येतें. बाविसाव्या वर्षाची नजर मात्र तेव्हां उरत नाहीं.

"अरे, साल्हेर तरी चढलास काय?" असा टोमणा अशा वेळीं हटकून निघतो. महाराष्ट्रांतला सर्वांत उंच किल्ला, २०२५ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत गेलेला, आणि तो घरापासून हांकेवर! टोमणा अगदींच पोकळ नाहीं, परंतु तो मारणारेही बहुधा साल्हेर चढलेले नसतात.

मला अपेक्षा आहे ती दुसरी. पूर्वीं काशीहून परतलेला मनुष्य गंगेच्या पाण्याची झारी आणी, आणि जे जाऊं शकले नाहींत त्यांच्या दारीं चमचा-चमचा वांटी. चार दिवसांत पन्नास छायाचित्रें धाडणाऱ्यानें एक लांब पत्र लिहावें. खर्च किती झाला, पैसे कोठून आणले, हें त्यांत यावें. छायाचित्र पाहून बाप फार तर एखादी गोष्ट विचारील: तिकडे बाजारांत कांदा काय भावानें जातो, आणि तो साठवितात कसा? प्रागच्या पुलावर उभ्या राहिलेल्या मुलानें जवळच्या मंडईंत जाऊन एवढें तरी पाहून ठेवावें.