आधी विचारा, मग बोला

वाचन : यहोशवा, अध्याय 22



रऊबेन, गाद व मनश्शेचा अर्धा वंश हे आपल्या वतनाकडे परत जात असता त्यांनी यार्देनेच्या काठी एक मोठी वेदी बांधली. एवढीच गोष्ट खरी होती. परंतु ही वार्ता इतर वंशांच्या कानी पडताच तिचा अर्थ असा झाला की, आपले हे भाऊ परमेश्वरापासून फिरले. सारी मंडळी शिलो येथे लढाईसाठी जमली.

तथापि तरवार उपसण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. फिनहास याजक व दहा सरदार यांस गिलाद देशी पाठविले. त्यांनी समोरासमोर विचारले. त्यांचे शब्द कठोर होते, पण त्यांनी विचारले आणि उत्तर ऐकून घेतले. तेव्हा कळले की, ती वेदी यज्ञासाठी नव्हती. पुढे आपल्या लेकरांस कोणी परके मानू नये म्हणून ती साक्षीसाठी उभारली होती. युद्ध टळले.

याच्या उलट प्रकार प्रेषितांची कृत्ये, अध्याय 21 यात आहे. त्रफिम इफिसकर हा पौलाबरोबर नगरात दिसला होता. त्यावरून पौलाने त्याला मंदिरात नेले असे लोकांनी मानले. विचारावयास कोणीही गेले नाही. नगर खवळले व पौलास मारू लागले. सरदाराने कारण विचारले, तेव्हा कोणी एक ओरडे, कोणी दुसरेच. शिपाई आले म्हणून पौल वाचला.

आपल्या महाराष्ट्रात तसे वाचविणारे वेळेवर पोहोचले नाहीत. 1 जुलै 2018 रोजी, प्रभूच्या दिवशी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे बाजार भरला होता. भिक्षेवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष तेथे आले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून आधीच गावोगाव पसरली होती. जमावाने त्या पाचांस ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ते निरपराध होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास बंदी करण्याचे ठरविले. यंत्राला अशी मर्यादा घालता येते. मनुष्याच्या जिभेला कोण घालील?

कोणी म्हणेल, “मी कोणाला मारले नाही, ऐकले तेवढेच सांगितले.” बंधूंनो, निर्गमाच्या 23व्या अध्यायाचा आरंभ पाहा. पहिल्या वचनात असत्य वार्ता फैलावण्याची मनाई आहे, आणि लागलीच दुसऱ्यात जमावामागे जाऊन दुष्कर्म करण्याची. देवाने ही दोन्ही पापे शेजारी ठेविली आहेत, कारण एकाच्या दारातून दुसरे आत येते. ज्याने दगड उचलला तो दोषी. पण त्याचा हात ज्याने तापविला तो निर्दोष कसा?

आणखी कोणी म्हणेल, “लेकरांच्या काळजीने सांगितले.” काळजी खरी असेल, तर पोलीस पाटलास कळवा. दहा घरी सांगितल्याने लेकरू सुरक्षित होत नाही. परका मनुष्य मात्र असुरक्षित होतो.

आणि आपल्या मंडळीत काय चालते? उपदेशकाने वर्गणीचा पैसा खाल्ला, अमकीची चाल बरी नाही, असे पाणवठ्यावर बोलले जाते. त्या मनुष्याकडे जाऊन विचारणारा फिनहास आपणांत कोण आहे? आपल्या प्रभूने, बंधूने अपराध केला तर त्याजकडे एकांती जावे, असे शिकविले. आपण मात्र त्याचे घर सोडून सर्व घरी जातो.

म्हणून वार्ता ऐकली की स्वतःस विचारा : हे मी पाहिले काय? ज्याच्याविषयी आहे त्याला विचारले काय? तो समोर असता मी हे बोलेन काय? आणि खोटी गोष्ट आपल्या तोंडून आधीच गेली असेल, तर ज्या दारी ती नेली त्याच दारी जाऊन, “ते खोटे होते,” असे सांगा. लाज वाटेल, ती सोसा.

खोट्या साक्षीदारांच्या तोंडून आपला तारणारा वधस्तंभाकडे नेला गेला. त्याचे नाव घेणाऱ्यांनी त्या साक्षीदारांच्या रांगेत उभे राहू नये. प्रभू आपल्या ओठांवर पहारा ठेवो. आमेन.