रक्तातच आहे?

डॉक्टरांनी पापड बंद करायला सांगितलाय, तरी पप्पा रोज मागतात. "बीपी आमच्या रक्तातच आहे, पापडानं काय होतंय?" साताऱ्याची आजी बीपीची होती, इथं सांगलीत पप्पांच्या गोळ्या सुरू आहेत. म्हणजे पुढचा नंबर माझा.

रक्तदाबात आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे खरंच आहे. पण तो शेकडो जनुकांत विखुरलेला, प्रत्येकाचा चिमूटभर.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांबद्दलही 'त्यांच्या रक्तातच आहे' असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. मग १९९७ साली एक अभ्यास आला. आफ्रिकी वंशाच्या लोकांत उच्च रक्तदाबाचं प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ आणि अमेरिकेत ३३ टक्के निघालं. मूळ एकच, पण वजन, मीठ, जगणं बदललं तसा आकडा चढत गेला.

'रक्तातच आहे' हे आपण जातीबद्दलही किती सहज बोलतो! एकदा रक्तावर ढकललं की कुणालाच काही बदलावं लागत नाही. आपल्या भागात ऊस तोडायला आलेल्या बाईचं बीपी वाढलं, तर तिचं खानदान विचारायचं, की ती पहाटे किती वाजता उठते ते?

तिला निवड नाही. पप्पांना आहे. म्हणून जबाबदारीही सारखी नाही. तिच्या बीपीचा जाब आपण सगळ्यांनी द्यायचा.

पप्पांना मात्र मी सांगितलंय, "रक्त आजीचं असेल, पापड तुमचा आहे."