मुद्दाम पाडलेलं विमान

१ डिसेंबर १९८४ रोजी नासा आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात चार इंजिनांचं एक बोइंग ७२० मुद्दाम आपटलं. वैमानिक जमिनीवर बसून ते चालवत होता. आत खुर्च्यांना पट्ट्यांनी बांधलेले पुतळे होते. परीक्षा होती नव्या इंधनाची. आदळल्यावर त्याचे तुषार उडणार नाहीत, म्हणजे भडका टळेल, असा होरा होता. विमान तिरपं उतरलं, पंख फाडायला रोवलेल्या पोलादी पात्यांत इंजिन सापडलं आणि आगीचा लोळ उठला. ती विझवायला तासाहून जास्त वेळ लागला. इंधनाचा नाद पुढे सोडून द्यावा लागला.

मला या फजितीचं भारी अप्रूप वाटतं. सगळ्यांदेखत तोंडघशी पडायचं, पण आत जिवंत माणूस नसताना.

विमान आदळूनही माणसं पुष्कळदा वाचतात. मग धूर गाठतो. तो वर साचतो, छताजवळचे दिवे दिसेनासे होतात. म्हणून वाट दाखवणारे दिवे पायाशी आले. प्रवासी विमानाचं नवं मॉडेल ९० सेकंदांत रिकामं करून दाखवावं लागतं : अंधारात, निम्मी दारं बंद ठेवून, कोणती उघडणार हे आतल्या कुणालाही न सांगता. त्या वेळी काही जणांच्या हाती बाहुल्या देतात. तान्ह्या बाळांच्या जागी.

भंडाऱ्याचा वाचक इथं थबकणारच. ९ जानेवारी २०२१च्या मध्यरात्रीनंतर जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात कक्षात आग लागली. सतरापैकी दहा बाळं गेली, त्यातली बहुतेक धुरानं गुदमरून. ज्याला कुणीतरी उचलल्याशिवाय दारापर्यंत पोचता येत नाही, त्याच्या वाट्याला किती सेकंद येतात, हे आधी कोण मोजणार होतं?

मग राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला. ऑडिटला माझी ना नाही, पण ते कागदावर पास होतं. १ जुलै २०२३ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस दाराच्या बाजूवर उलटून पेटली आणि २५ जण गेले. काच फोडता आली ते सुटले. दार खाली दबलं तर काय, हा प्रश्न रिकाम्या बसवरही विचारता आला असता.

राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरात आहे, भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर. पाडायला काढलेला एखादा जुना वॉर्ड त्यांच्या हवाली करावा. पाळण्यांत सतरा बाहुल्या, रात्रीचे दोन, वीज बंद, एका दाराला कुलूप आणि ड्यूटीवर नेहमी असतात तेवढ्याच सिस्टर. कुणालाही आधी न कळवता खोलीत निरुपद्रवी धूर सोडावा आणि घड्याळ लावावं. आकडा येईल तो दुसऱ्या दिवशी पेपरात छापावा, लाज वाटली तरी.