भुकेसाठी मागणं

देवा गजानना, या बुलढाणा जिल्ह्यातून तुझ्याकडे येणारी मागणी ठरलेली असतात. पाऊस दे, सोयाबीनला भाव दे, पोरीला चांगलं घर दे. अन्न मागणारे तर पिढ्यान् पिढ्या तुझ्या दारी उभे आहेत. मी भूक मागायला आले आहे आणि तीही स्वतःसाठी नाही. घरात एक गिनीपिग आहे. तपकिरी, पांढरा, काळा असा मिसळलेला, म्हणून लेकीनं त्याचं नाव चिवडा ठेवलं. त्याचं खाणं सुटलं आहे.

२३ फेब्रुवारी १८७८ ला शेगावात तू पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडलास, तो उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. ते पाहणाऱ्या बंकटलालांनी ताट मागवलं, तू ते सगळं कालवून जेवलास; आणि पाणी आणायला माणूस गेला तोवर ढोरांसाठी भरलेलं पाणी पिऊन मोकळाही झालास. ज्यानं ढोरांचं पाणी प्यायलं त्याला ढोराच्या तोंडचं दुःख काय सांगायचं? तरी सांगते. सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तू दिवसचे दिवस न खाता राहत होतास आणि मनात आलं की पोटभर जेवत होतास. आम्हीही गुरुवार धरतो, एकादशी करतो, साबुदाण्याच्या उसळीवर पुण्य जमवतो. या जिवाला मात्र तू उपास करण्याची मुभा दिलेली नाहीस. त्याच्या पोटात गवताचा चोथा सतत पुढे सरकत राहिला तरच आतलं सगळं चालतं. आतड्यातल्या जिवाणूंना रोजचं गवत मिळालं तरच ते त्याला जगवतात. दिवसभर काही गेलं नाही की आतडं थबकतं, वायू धरतो, अंगातली चरबी सुटून यकृतात साचते, आणि मग भूक आणखीच मरते. त्याला उलटीही होत नाही, म्हणजे बिघडलेलं बाहेर टाकायची वाटसुद्धा बंद. किलोभराच्या देहात एवढी नाजूक मांडणी कशासाठी केलीस, हे कधीतरी विचारेन. आज भांडायला आलेली नाही.

आमचे मामाजी म्हणतात, ‘ढोरानं खाणं सोडलं का तोंडाआधी शेण पाहा लागते.’ जन्मभर बैल सांभाळलेला माणूस. त्यांनी पिंजऱ्यातल्या लेंड्या हातावर घेऊन पाहिल्या: बारीक, कोरड्या, एरवीच्या निम्म्या. मग त्यांनी मला एक गोष्ट दाखवली, ती मी बघूनही पाहिली नव्हती. चिवडा वाटीजवळ जातो. कोथिंबिरीची काडी तोंडात धरतो, दोनदा हलवतो आणि टाकतो. पुन्हा उचलतो, पुन्हा टाकतो. म्हणजे भूक मेलेली नाही, तोंड अडलं आहे.

तुला ठाऊकच आहे, त्याचे दात आणि दाढा जन्मभर वाढत राहतात. वाळलेल्या गवताच्या खरखरीत काड्या तासन् तास चघळून त्या झिजायच्या असतात. झिजल्या नाहीत तर खालच्या दाढा आत झुकून जिभेवर कमानीसारख्या येतात, वरच्यांची टोकं गालात रुततात. समोर ताट आणि जीभ दाबलेली! किंवा तसं काही नसेलही. आमच्या डोंगराळ रानातल्या गवतात कुसळी भरपूर. तिचं एखादं टोकदार कुसळ हिरडीत घुसलं असेल. देवा, दाढ असो की कुसळ, जे असेल ते डॉक्टरांना दिसू दे. शिकारी जनावरांना भिऊन जगलेलं हे कूळ आजार लपवण्यात तरबेज असतं. त्याची ती लपवाछपवी आमच्यापुढे तरी चालू देऊ नकोस.

माझ्या हातालाही आवर. घरात लेकरांच्या तापा-खोकल्याची अर्धी राहिलेली औषधं असतात आणि काळजीत पडलेली बाई काहीही पाजायला तयार असते. अमॉक्सिसिलीन, पेनिसिलीनसारखी औषधं तोंडावाटे दिली तर याच्या पोटातले चांगले जिवाणू मरतात, वाईट माजतात आणि जनावर हातचं जातं. १९४० साली ऑक्सफर्डात संशोधक फ्लोरींनी पेनिसिलीन उंदरांवर वापरून पाहिलं. तेव्हा पिंजऱ्यात गिनीपिग असते तर ते औषध विष म्हणून फेकून दिलं गेलं असतं, असं जाणकार सांगतात. म्हणजे ज्या औषधानं आमच्या घरोघरची लेकरं वाचली, तेच याला मारू शकतं. त्या डब्याकडे माझा हात वळला तर मामाजींना ओरडायची बुद्धी दे.

सध्या गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून, सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं भरवते आहे. सरळ घशाकडे सोडलं तर श्वासात जातं, म्हणून घोटाघोटानं. तो गिळतो आणि माझ्याकडे असा बघतो की मीच त्याचा छळ मांडला आहे. पोट ढोलासारखं ताठ लागलं तर भरवायचं थांबून आधी डॉक्टर गाठायचा, हेही शिकले. पोट अजून मऊ आहे. एवढ्यावर तुझे आभार मानून ठेवते, पुढचं पुढे.

शेजारीण म्हणाली, ‘बिनशेपटीच्या उंदरासाठी एवढं?’ तिला रागावू नकोस. मलाही एरवी असंच वाटलं असतं. पण ज्या देवाचं नाव तुला मिळालं त्याच्या पायाशी उंदीर बसतो, आणि कुळाचा हिशेब काढायचाच तर आमच्याच खात्यात देणं निघेल. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक हे दोन संशोधक खलाशांच्या आजाराचं मूळ शोधत होते. नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांच्या हिरड्या सुजल्या, हाडं खिळखिळी झाली, आणि बोटीवरच्या माणसांना मारणारा स्कर्व्ही पहिल्यांदा प्रयोगशाळेत हाती लागला. पुढे क जीवनसत्त्व सापडलं ते याच कुळाच्या मरणावर. बैल, बकरी, उंदीर यांना ते अंगातच तयार करता येतं. माणसाला येत नाही आणि गिनीपिगलाही येत नाही. उणीव देताना तू आम्हा दोघांना एका पंगतीत बसवलंस. त्याची भूक जाण्यामागे हीच उणीव असायची शक्यता आहे, कारण पाकिटातल्या खाद्यातलं क जीवनसत्त्व काही महिन्यांत उडून जातं, आणि आमच्याकडे कुरियरचं खोकं उन्हात किती वेळ पडतं ते विचारू नकोस. ढोबळी मिरची आणि पेरू बारीक वाटून देते आहे. ते त्याच्या अंगी लागू दे.

उन्हाचं निघालंच म्हणून सांगते. मूळचा हा अँडीज पर्वतातल्या थंड हवेचा. तिथे लोक हजारो वर्षं त्याला पाळतात, खातातही. पेरू देशातल्या कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र आहे, त्यात मधल्या ताटात हाच प्राणी असल्याचं सांगतात. आम्ही हौसेपायी त्याला अशा मुलखात आणलं जिथे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. बुलढाणा शहराला घाटावरचा वारा तरी आहे, खाली खामगाव-मलकापूरला भट्टीच. कुलरची हवा थेट अंगावर न येता त्याच्यापर्यंत पोचेल अशी सोय केली आहे. वीज टिकवणं तुझ्याकडे.

आता जे बोलायला संकोच वाटतो ते बोलते. या जिल्ह्यात अशी वर्षं आली आहेत की दावणीला बैल उभा असतो, त्याला कडकडून भूक असते आणि गव्हाणीत कुटारही नसतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकून बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं, ही आमची रीत. आवतण देताना ज्या शेतकऱ्याला उद्याच्या चाऱ्याचा घोर असतो, त्याची प्रार्थना माझ्याआधी ऐक. मी रांगेत मागे थांबते. पण रांगेतून बाहेर काढू नकोस. दया मोजूनमापून वाटायची वस्तू असती तर तू द्वाड गाईला शांत केलं नसतंस. म्हणाला असतास, आधी माणसं बघू.

नवस बोलावा असं मनात आलं. सवयीनं उपासच तोंडावर आला होता, तो गिळला. भूक मागायची आणि बदल्यात उपाशी राहायचं, हा कसला व्यवहार? त्यापेक्षा असं करते: चिवडा आपणहून खायला लागला की गोरक्षणात गाडीभर कुटार टाकीन आणि घरी तुझ्या आवडीची पिठलं-भाकरी करून चार माणसं जेवू घालीन. आणि तो खायला लागला नाही तरी कुटार टाकीनच. तिथले बैल काही माझ्या नवसाला बांधील नाहीत.

उद्या त्याला अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत न्यायचं आहे. इथले आमचे डॉक्टर भले आहेत, पण बैलाच्या जबड्यात हात घालायची सवय असलेल्या बोटांना हे तोंड फार लहान पडतं. दाढा नीट बघायला बहुधा भूल द्यावी लागेल. भूल देणाऱ्याचा हात वजनाच्या मापात राहू दे. दाढ घासणाऱ्याचा हात जिभेला लागू देऊ नकोस. आणि आत काही असं निघालं की घासून, भरवून, औषध देऊन उपयोग नाही, तर तेव्हा मला सिरिंज खाली ठेवता येऊ दे, आणि लेकीला ते खरं सांगताना माझा आवाज तुटू देऊ नकोस.

पिशवीत वाळलेलं गवत घेतलं आहे, सावलीसाठी ओला पंचा घेतला आहे. सकाळची पहिली गाडी मिळू दे, ऊन चढायच्या आत पोचायला हवं.